अंधारघरातली हिरवी सायकल

कागदाच्या सांगाड्याला कोणी भीत नाही, हे मी पंजाबरावांना पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. ऐकण्याची सवय असती तर पुढचं काही झालंच नसतं आणि मलाही इतका संताप आला नसता.

पंजाबराव म्हणजे आमच्या अमरावतीच्या नगरपालिकेतले मेंबर, नवरात्र उत्सव समितीचे अध्यक्ष आणि गावाबाहेरच्या एका जिनिंग फॅक्टरीचे भागीदार. एका माणसाला इतक्या खुर्च्या कशाला लागतात हे मला कधी कळलं नाही. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि संध्याकाळी त्या फॅक्टरीच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या खोलीत, मॅट्रिकचा वर्ग घेत होते. ज्या पोरींना दिवसा शाळेत येता येत नाही, त्यांच्यासाठी. एकोणीसशे एकसष्ट सालची गोष्ट आहे.

वर्गाकडे जायला एकच रस्ता. एका अंगाला फॅक्टरीची उंच भिंत, दुसऱ्या अंगाला सरकीची गोदामं आणि मध्ये बोळ. दिवा एकही नाही. त्या बोळात भिंतीला टेकून एक हिरवी सायकल उभी असायची. सायकल दिसली की समजायचं, तो आहे. दिसायचा नाही. मागून पावलं यायची. आपण थांबलं की थांबायची, निघालं की निघायची. एकदा खोकायचा, आपण इथे आहोत हे कळावं म्हणून. एवढंच. पोरींनी त्याचं तोंड कधी पाहिलं नाही, मीही नाही, कारण त्या बोळात आम्ही कोणी मागे वळून पाहत नसू.

दिव्यासाठी मी पंजाबरावांकडे गेले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पानदान पुढे ओढलं आणि विचारलं, त्यानं कोणाला काही केलं का? मी म्हटलं, अजून नाही. मग ते हसले.

"मंग कायचं भेव, बाई? त्या रस्त्यावर काय भूत हाये?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अर्ज त्यांच्याच हातात होता, म्हणून नमस्कार करून निघाले.

माझ्या वर्गात नईमा होती. गयासुद्दीनभाई मंडपवाल्यांची मुलगी. बीजगणितात ती इतकी पुढे होती की तिच्यासाठी उदाहरणं शोधताना माझीच दमछाक व्हायची. मार्चमध्ये परीक्षेला बसायची होती. तिला पोचवायला आणि न्यायला गयासुद्दीनभाई स्वतः यायचे, पण दसरा झाला की त्यांचा हंगाम सुरू. लग्नाचे मंडप, सभा, उरूस, आज अकोला तर उद्या अंजनगाव सुर्जी. घरात दुसरं कोणी बापई माणूस नाही. त्यांनी मला सरळ सांगून टाकलं.

"पोरगी हुशार हाये, मले मालूम हाये बाई. पन मी अकोल्यात कनाती बांधू का इथं तिच्या मागं चालू? दसऱ्यानंतर दिवा लागला तं येईल. नाही तं बसेल घरी."

मला त्यांचाही राग आला होता. रात्रभर विचार केला आणि तो राग जिथे जायला हवा होता तिथे, पंजाबरावांच्या घराकडे, वळवला.

नवरात्राच्या तोंडावर समितीने मला बोलावणं धाडलं. पंजाबरावांनी अकोल्याच्या प्रदर्शनात भूतबंगला पाहिला होता आणि अंबादेवीच्या यात्रेला आपणही तसाच करायचा, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. नवा कापूस यायचा होता, त्यामुळे यात्रेजवळचं एक मोठं गोदाम रिकामं होतं. कनाती गयासुद्दीनभाईंच्या. आणि तारा, बल्ब, विजेच्या गमती जमवायला विज्ञानवाली बाई. मी हो म्हटलं. गावातले सगळे मोठे लोक नऊ दिवसांत त्या गोदामातून जाणार होते, आणि मला त्यांच्याशी काम होतं.

पहिले दोन दिवस त्यांच्या मनासारखं झालं. वरून सांगाडा पडायचा, तांबड्या बल्बात एक पांढरं लुगडं हलायचं, कोपऱ्यात एक माणूस भोंग्यात ओरडायचा. पहिला तासभर लोक किंचाळले. मग ज्यांनी पाहिलं होतं ते आपल्या पाहुण्यांना घेऊन येऊ लागले आणि आधीच सांगू लागले, आता पडते पाहा. दुसऱ्या दिवशी कोणीतरी भुताचं लुगडं ओढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सांगाड्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि समितीचे लोक माझ्याकडे असे पाहत होते, जणू ती माळ मीच घातली.

मग मात्र माझा तोल सुटला. मी पंजाबरावांना म्हटलं, तुमचं भूत दिसतं, म्हणून ते भीती घालवतं. जे दिसलं त्याला नाव देता येतं, त्याची थट्टा करता येते. सगळ्यांनी मिळून पाहिलं तर ती जत्राच होते. माणूस भितो तो एकटा असला म्हणजे. हातात थोडंसंच काहीतरी असलं आणि ते संपत आलं म्हणजे. पुढे जायचं की परत फिरायचं हे त्याचं त्यालाच ठरवावं लागलं म्हणजे. उरलेले दिवस मला द्या आणि एकही भूत ठेवू नका.

"भुताबिगर भूतबंगला?" ते म्हणाले. पण गोदाम रिकामं पडत होतं, म्हणून त्यांनी हात झटकले आणि मला मोकळीक दिली.

गयासुद्दीनभाई आणि मी त्या दिवशी दुपारपर्यंत आतलं सगळं उपसून काढलं. त्यांनी काळ्या कनातींचे दोन अरुंद बोळ केले, मध्येच एकमेकांना छेदणारे, म्हणजे कुठून वळायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. खाली पिंजलेल्या रद्दी कापसाचा थर टाकला. त्यावर चालताना स्वतःच्या पावलांचा आवाज येत नाही, आणि स्वतःचा आवाज आला नाही की माणूस दुसऱ्याचा ऐकायला लागतो. कनातीच्या मागे मी पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या पसरल्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते तीच पऱ्हाटी, पाय पडला की कडकडते. गोदामात काडेपेटी न्यायची नाही हा आमच्याकडचा पक्का नियम, फाटकावर खिसे तपासतात. म्हणून जाणाऱ्याच्या हाती टॉर्च. त्यात मी मरायला टेकलेले सेल घातले.

खेळ सोपा होता. एकट्याने आत जायचं, पार टोकाला मोर्शीच्या संत्र्यांची टोपली ठेवली होती तिच्यातलं एक संत्रं घ्यायचं आणि बाहेर यायचं. वाटेत फक्त एक सायकल. गयासुद्दीनभाईंनी आपलीच आणली आणि तिला हिरवा रंग दिला. जाताना ती भिंतीला टेकलेली दिसायची. परत येताना तिथे नसायची.

कनातीमागे चालायचं काम मी स्वतःकडे घेतलं. गयासुद्दीनभाईंचा जुना जोडा पायात घातला, तो मला दोन बोटं मोठा होता. मी चालायची, तो थांबला की थांबायची, आणि टोपलीजवळ पोचल्यावर एकदा खोकायची. बायकी खोकला ओळखू येईल म्हणून आवाज जाड काढायला शिकले. आयुष्यात इतकं समाधान मला क्वचितच मिळालं असेल, हे लपवण्यात अर्थ नाही.

आधी एक वकील गेले आणि संत्र्याशिवाय बाहेर आले. मग तालमीतला एक पैलवान गेला. त्याने आत जाताक्षणी टॉर्च लावला तो विझवलाच नाही, त्यामुळे टोपलीपर्यंत पोचायच्या आतच सेल मेले. त्याच्या श्वासाचा आवाज कनातीतून मला ऐकू येत होता. बाहेर येऊन तो म्हणाला, आत कोणीतरी आहे. लोक म्हणाले, काय दिसलं? तो म्हणाला, दिसलं काहीच नाही. तिकिटाच्या रांगेला तिथून जी शेपटी फुटली ती रस्त्यापर्यंत गेली.

तेव्हा पंजाबराव स्वतः आले. एवढं काय आहे ते पाहतोच, म्हणाले, आणि फेटा सारखा करून आत शिरले. मी त्यांच्या बाजूने कनातीमागून चालू लागले. ते थांबले, मी थांबले. ते चार पावलं भरभर गेले, मीही गेले. टॉर्चचा उजेड पिवळा झाला, मग तांबूस झाला. त्यांनी तो झटकला, हातावर आपटला. आणि मग अगदी हळू, विनवणीच्या सुरात बोलले.

"कोन हाये? भाऊ, मी पंजाबराव आहो."

 कनातीमागे उभी राहून मी दात आवळले. नाव सांगितलं की समोरचा वाट सोडेल, एवढी या माणसाला खात्री होती. आमच्या पोरींना त्या बोळात सांगायला असं कोणतं नाव होतं? मी खोकले. त्यांनी टोपलीकडे पाठ फिरवली आणि कनातीला धडका देत बाहेर पळाले. संत्रं राहिलंच.

बाहेर त्यांनी घाम पुसला आणि आत फार उकडतं, असं सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी बाया आल्या. जिनवर कापूस टाकणाऱ्या मैनाबाई आणि त्यांच्या जोडीदारणी, माझ्या वर्गातल्या पोरी, देवीला आलेल्या लेकी-सुना. आणि काय व्हावं? त्या एकेक करून आत गेल्या आणि एकेक संत्रं घेऊन बाहेर आल्या. मी मागे चालत होते, खोकत होते, जोडा आपटत होते. त्या वेग वाढवत नव्हत्या, कमीही करत नव्हत्या, भिंतीच्या बाजूने पदर घट्ट धरून नीट चालत होत्या. मैनाबाईने सायकल पाहिली आणि स्वतःशीच पुटपुटली, आज इथं उभी केली वाटते मेल्यानं. टोपली रिकामी होत आली. ज्या वकिलांचा पाय आत ठरला नव्हता, त्यांची बायको दोन संत्री घेऊन आली, एक त्यांच्यासाठी.

रांगेतले बापे हसायचे थांबले. कोणीतरी म्हणालं, बायांच्या वेळेला आतला माणूस काही करत नसेल. मला बाहेर येऊन त्याच्या डोक्यात तो जोडा घालावासा वाटला.

शेवटी नईमा गेली. तिचा बाप दाराशी उभा होता. ती गेली आणि लगेच आली, टोपलीतलं शेवटचं संत्रं बापाच्या हातात दिलं आणि टॉर्च परत केला. गयासुद्दीनभाईंनी बटण दाबून पाहिलं. तोपर्यंत नवे सेल घालायची वेळ आली होती, मी दुपारचेच अर्धमेले पुन्हा जोडून दिले होते. तरी उजेड जसा दिला तसाच होता. तिने तो लावलाच नव्हता. त्यांनी विचारलं, अंधारात काहून गेली?

"अब्बा, टॉर्च लावला की आपन कुठं आहो ते त्याले दिसते. तो कुठं हाये ते आपल्याले दिसत नाही."

गयासुद्दीनभाईंनी टॉर्च बंद केला. ज्यांनी तो बोळ स्वतःच्या हातांनी बांधला होता, त्यांना आपली पोरगी इतके दिवस काय शिकून आली ते तेव्हा कळलं. मीही कनातीमागून ऐकत होते. बीजगणितात मी तिला असं काही शिकवलं नव्हतं.

"मंग खांबावरचा दिवा?" त्यांनी विचारलं.

"तो दोघांवर बी पडते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंजाबरावांच्या घरी गेले. आता तरी यांना कळलं असेल, असं मला खरोखर वाटलं होतं. मी शांतपणे सांगितलं की काल तुम्ही ज्यातून गेलात तो तुमच्या फॅक्टरीमागचा बोळ होता, तसाच, सायकलीसकट. आमच्या पोरी त्यातून रोज जातात. त्यांना परत येताना संत्रं मिळत नाही. दिवा लावा.

त्यांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, खेळ वेगळा आणि रस्ता वेगळा. पण एक गोष्ट तुम्ही बरोबर दाखवून दिलीत, बाई, आतला प्रकार फारच भयंकर आहे. बायांच्या नाजूक मनावर त्याचा परिणाम होईल. आणि त्या दुपारी गोदामातल्या आमच्या अंधारघराच्या दारावर रंगवलेली पाटी लागली: 'आत भय आहे. स्त्रियांनी व मुलींनी जाऊ नये. हुकमावरून, पंजाबराव, अध्यक्ष.'

नाजूक मन म्हणे. ज्यांचा पाय आत ठरला नाही त्यांना खुला प्रवेश, आणि ज्या टोपली रिकामी करून आल्या त्यांना बंदी.  

दसरा झाला. सोनं लुटून झालं. गयासुद्दीनभाई कनाती सोडून गुंडाळू लागले. अकोल्याचं काम त्यांच्या अंगावर आलं होतं, कोजागिरी झाली की निघायचं होतं आणि नईमाचा वर्ग त्याच दिवशी संपणार होता. तिने मला पुस्तकं परतही आणून दिली होती, नीट कागदात बांधून. मी ती घेतली नाहीत. गयासुद्दीनभाईंनी पाटी खिळ्यातून उपटली आणि हिचं काय करू, असं मला विचारलं.

मी म्हटलं, ती जिथली आहे तिथे लावू.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी जिनचा मुहूर्त होता. नव्या कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आदल्या दुपारपासून फाटकापलीकडे रांगेने उभ्या होत्या. बाया उजाडायच्या आधी कामावर येतात, आणि त्या येतात त्याच बोळातून. आम्ही संध्याकाळीच बोळाच्या तोंडाशी, मंडपाच्या दोन बांबूंच्या आधाराने, ती पाटी घट्ट बांधून ठेवली. मैनाबाईला मी आधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली नाही. जिनवरच कामाला असलेल्या माझ्या वर्गातल्या एकीने तिला चांदण्यात पाटी वाचून दाखवली, मैनाबाईने दुसऱ्यांदा वाचून घेतली आणि डबा बाजूला ठेवून खाली बसली. तिच्यामागे सगळ्या बसल्या.

फाटकाशी बंड्या थांबल्या, यंत्रं थांबली, पूजेचं ताट थांबलं. कापूस टाकायला बायाच नाहीत तर जिन चालेल कसा? शेवटी पंजाबराव हातात नारळ घेऊन, मोटारीने बाहेरच्या मोठ्या रस्त्याने फिरून आले. तोवर कोजागिरीचा चंद्र भिंतीआड गेला होता आणि अजून फटफटलं नव्हतं. मोटारीचे दिवे पाटीवर पडले आणि खाली त्यांचं नाव दिसलं. मोटार मागे गेली. अंधार पुन्हा झाला.

ते मैनाबाईवर खेकसले, हे काय लावलं? ती बसल्या जागेवरून म्हणाली, भाऊ, तुमचा हुकूम हाये, बायांनी जाऊ नये म्हने.

"अवो, तो त्या खेळाचा बोर्ड होता. इथं काय भेव हाये?"

"मंग तुमी चाला ना समोर," मैनाबाई उठत म्हणाली. "आमी येतो मांगून."

सगळ्या उठल्या. वाट करून दिली. पंजाबराव बोळाच्या तोंडाशी गेले आणि आत पाहिलं. मी बाजूलाच उभी होते, मलाही दिसत होतं. पुढे भिंतीला टेकलेली सायकल होती. ती गयासुद्दीनभाईंची नव्हती, त्यांची त्यांच्या घरी होती. ही खरी होती.

पंजाबरावांनी एक पाऊल टाकलं आणि ते थांबले. आत कोणीतरी खोकलं. त्यांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. तोंडाने आपलं नाव सांगावं की काय, असं त्यांना वाटलं असणार, पण मागे इतक्या बाया उभ्या होत्या. ते परत फिरले नाहीत, पुढेही गेले नाहीत.

"कोनी दिवा आना रे," शेवटी ते म्हणाले.

"आमी बी तेच म्हनून राहिलो," मैनाबाई म्हणाली.

कंदील आला, गडी धावत आत गेले, तोवर सायकल नव्हती. मुहूर्त टळला. त्या दिवसाचा जिन दुपारी सुरू झाला आणि बंड्यावाल्यांनी पंजाबरावांचा जो उद्धार केला तो मी इथे लिहीत नाही.

दिवाळीच्या आत बोळात दिव्याचे खांब उभे राहिले. उद्घाटनाला पंजाबराव हार घालून बोलले की माताभगिनींच्या मनातलं भय त्यांनी फार पूर्वीच ओळखलं होतं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारी गयासुद्दीनभाई उभे होते, अकोल्याहून मुद्दाम एक दिवसासाठी आलेले, त्यांनीही वाजवल्या नाहीत. ते वर दिव्याकडे पाहत होते, कनात बांधल्यावर पाहतात तसे, नीट बसला आहे की नाही.

नईमा त्या भाषणाला थांबली नाही. तिला वर्गाला उशीर होत होता. मी पोचले तेव्हा ती फळ्यासमोर बसली होती, पुस्तकांच्या गठ्ठ्याची दोरी सोडत. मी विचारलं, एकटी आलीस?

"हो," ती म्हणाली. "बाई, आज मी मांगं वळून पायलं."

"मग?"

"कोनीच नव्हतं," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या वर्गात बसून रडली.